उलट्या बाईचे बारा डॉलर

शुक्रवार, ८ जानेवारी २०१६
खाबुरा, ओमान

सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत झोपायचं, एवढाच माझा नव्या वर्षाचा संकल्प होता. तो आठ दिवस टिकला. सकाळी नऊला घरमालक मजीद जिना चढून वर आला. हातात खजुराची परडी, आणि खजुराखाली फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड.

"लहू, तुम उधर सोहार में डाय का काम करता ना? माँ का ये देखो. इसका डाय."

मी म्हटलं, बाबा रे, मी अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. खिडक्या-दारांचे पट्टे ज्या ठशांतून दाबून काढतात ते डाय मी तपासतो, झिजले की बाद करतो. पट्ट्यावर ओरखडा आला तर तो कुठल्या डायचा, कुठल्या पाळीचा, हे मी सांगेन. नाण्यांशी माझा काय संबंध?

"डाय तो डाय है. खलास," असं म्हणून मजीद खाली गेलासुद्धा.

फडक्यात त्याच्या आईचा हार होता. उम्म मजीद, म्हणजे आमच्या खाली राहणारी म्हातारी, ईदला घालते तो. चांदीचे बारा मोठे डॉलर, प्रत्येकाच्या वरच्या कडेला कडी डाकलेली, मध्ये पोवळ्याचे मणी. इथे या डॉलरला फ्रान्सी म्हणतात. पूर्वी ओमानच्या बाजारात हाच चालायचा. मी एक डॉलर उलटून पाहिला आणि हातातला चहा हातातच राहिला. त्यावर एक जाडी बाई होती.

हे इथे नीट लिहून ठेवायला हवं. माझे आजोबा महायुद्धाच्या काळात मुंबईच्या टांकसाळीत कामाला होते, नाणी पाडायच्या यंत्राजवळ हरकाम्या म्हणून. ते सांगायचे, "आम्ही एका जाड्या बाईचे रुपये पाडले. आपली राणी नव्हे, कुणी भलतीच. डोक्यावर ओढणी, खांद्यावर मोत्यांचं फूल, मागे दोन तोंडांचा गरुड. पेट्याच्या पेट्या भरल्या. पण त्यातला एक रुपया बाजारात कधी कुणी बघितला नाही." घरात कुणाचाच विश्वास बसला नाही. बाबा तर चारचौघांत त्यांची फिरकी घ्यायचे. अजूनही आमच्याकडे कुणी थाप मारली की म्हणतात, "आली का जाडी बाई?" शेवटी शेवटी आजोबांनी ती गोष्ट सांगायचीच सोडली.

आणि ती बाई इथे, खाबुऱ्यात, माझ्या बशीशेजारी. ओढणी, मोती, दोन तोंडांचा गरुड, सगळं तसंच. बायकोला, पूर्वाला, हाक मारली. ती बघून म्हणाली, "अहो, आजोबा खरं बोलत होते की हो!" माझे डोळे भरून आले, त्यात लाजायचं काय.

मग भिंग आणि व्हर्नियर काढून रीतसर तपासणी केली. बाराही डॉलरांवर साल १७८०. पण गरुडाच्या शेपटीची पिसं सगळ्यांवर सारखी नाहीत, मोत्यांची ठेवणही सारखी नाही. म्हणजे ठसे निरनिराळे. हाताळणीचे दोष: बाराही डॉलरांच्या खालच्या कडेला, कडीच्या बरोबर समोर, एकेक खरबरीत चट्टा. कुठेतरी घासत असणार. ठशाचा दोष नव्हे, म्हणून तक्त्यात घेतला नाही.

१७८० साली आजोबांचा आजाही जन्मला नसेल. मग आजोबांनी पाडले ते कुठले? डोकं चालेनासं झालं, म्हणून झोपलो.

शनिवार, ९ जानेवारी

उम्म मजीदने हार घेऊन अंगणात बोलावलं. बदामाच्या झाडाखाली चटईवर बसून ती वाळलेली लिंबं निवडत होती. मला वाटलं, किंमत विचारेल. तिने भलतंच विचारलं.

"इसमें उल्टा वाला भी बनता?"

"क्या उल्टा?"

तिने एक डॉलर बोटाने फिरवून बाईचं डोकं खाली केलं. "ऐसा. सिर नीचे. कारखाने में ऐसा भी बनाता?"

मी जवळजवळ उडालो. सत्तरीला टेकलेल्या बाईने हा प्रश्न विचारावा! यंत्रात बसवताना एक ठसा फिरला, तर एका बाजूच्या मानाने दुसरी बाजू उलटी पडू शकते. मी तिला दोन तळहात एकमेकांवर ठेवून, फिरवून, पाच मिनिटं समजावलं. ती माझ्या हातांकडे नव्हे, तोंडाकडे बघत होती.

"तो बनता," ती म्हणाली.

"शायद. देखना पड़ेगा."

"देखो. अच्छा से देखो. शादी से पहले बोलो." मजीदच्या मुलीचं लग्न मार्चमध्ये आहे आणि हा हार नातीला जायचा आहे. मग लिंबं बाजूला सारून तिने आणखी एक गोष्ट सांगितली. "मेरा सास दिया. अपना गले से निकाला, मेरे को दिया." आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली की जणू मी नाही म्हणणार आहे. मी कशाला नाही म्हणू?

शुक्रवार, १५ जानेवारी

मस्कतला, कुरुमला जाऊन आलो. रविकांत तिथे विमा कंपनीत आहे. जयंतीच्या कार्यक्रमात ओळख झाली होती. नाणी जमवतो आणि त्याच्याकडे या डॉलरांवरचं विटेएवढं पुस्तक आहे. जय भीम झाला, चहा झाला, आणि त्याने पहिलाच बॉम्ब टाकला.

"लहूभाऊ, आधी डेट विसरा."

"साल विसरू?"

"हो. ही बाई ऑस्ट्रियाची महाराणी. १७८० मध्ये गेली. पण अरबस्तानात लोकांना तिचाच डॉलर पाहिजे, दुसरा घेईनात. मग जो तो तोच पाडायला लागला. व्हिएन्ना, रोम, लंडन, चाळीस-एक्केचाळीसला आपली मुंबईसुद्धा. साल मात्र सगळ्यांनी तेच ठेवलं."

"म्हणजे खोटे?"

"खोटे कसे? चांदी तेवढीच, वजन तेवढंच."

"मग खरे?"

"१७८०चे नाहीत."

"मग आहेत तरी काय?"

"व्हरायटीज," रविकांत खूश होऊन म्हणाला.

चाळीस-एक्केचाळीस, मुंबई! आजोबांचाच काळ. ते ओळखायचे कसे, तर पिसं, मोती आणि अक्षरं बघून. मधलं पीस असं असेल तर हा, पण मोती तसे असतील तर तो नाही, आणि नाणं झिजलेलं असेल तर काहीच नाही. इथे जुन्या काळी बायका नखाने मोती मोजून मगच डॉलर घ्यायच्या म्हणे. आमच्या कारखान्यात एक मंजूर नमुना असतो. त्याच्याशी जुळलं तर पास, नाही तर भंगार. या डॉलरांचा मंजूर नमुना कुणाकडेच नाही. मी अकरा पानांचे फोटो काढले आणि परतीच्या वाटेवर वळण चुकलो.

उलट्या बाईचं विचारलं, तेव्हा रविकांत खुर्चीतून उठला होता. "रोटेटेड डाय? भाऊ, असला तर लगेच फोटो पाठवा!" पण हारातले बाराही सरळ आहेत, मी स्वतः पाहिलंय. मग म्हातारीने उलटा पाहिला तरी कुठे?

शनिवार, २३ जानेवारी

आठ दिवस तेच. कारखान्यातून आलो की भिंग. पूर्वा म्हणते, मी तिच्याकडे इतकं निरखून लग्नाआधीसुद्धा पाहिलं नाही. ते खरं आहे.

तीनदा वर्गवारी केली आणि तिन्ही वेळा निरनिराळी आली. आज चौथ्यांदा केली, ती तिसरीशी जुळली. चार एका ठशाचे, तीन दुसऱ्या, आणि पाच पुस्तकातल्या मुंबईच्या चित्रासारखे. त्यातला आठ नंबरचा सगळ्यांत स्वच्छ. पीस न् पीस दिसतं. आठ नंबर आजोबांच्या यंत्राखालून गेला असेल असं मी म्हणत नाही. पण गेला नसेल असंही कुणी म्हणू शकत नाही.

चिपळूणला बाबांना फोन केला, फोटो पाठवला. त्यांनी फोटो उघडून पाहिला. मग म्हणाले, "नीट बघितलंस ना?"

"चारदा बघितलं."

"तात्यांना मी फार हसलो रे," ते म्हणाले, आणि फोन आईकडे दिला. आजोबांना ते तात्या म्हणायचे.

आजच्याइतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. परवा उम्म मजीदला सांगतो. तिच्या गळ्यात माझ्या आजोबांच्या हातचे डॉलर! तिलाही केवढी मजा वाटेल.

सोमवार, २५ जानेवारी

मजा वाटली नाही.

कारखान्यातून आल्या आल्या हार घेऊन अंगणात गेलो. पाच डॉलरांना मागून पांढऱ्या टेपच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. म्हटलं, "उम्म मजीद, ये पाँच बंबई का है! मेरा शहर का!" आजोबांचं सांगितलं, यंत्राचं सांगितलं, हसत होतो, बहुतेक जरा मोठ्यानेच.

"बंबई," ती म्हणाली.

"हाँ, बंबई!"

"पक्का बंबई?"

"पक्का."

"और उल्टा वाला?"

"उल्टा कोई नहीं. सब सीधा."

तिने हार घेतला आणि मांडीवर ठेवला. चिठ्ठ्या काढल्या नाहीत. एकेका चिठ्ठीवर अंगठा ठेवत पाचही मोजल्या. मग लिंबांची टोपली उचलून आत गेली. मला कुणी बसही म्हटलं नाही. या घरात चार वर्षांत काहवा, म्हणजे इथली कॉफी, न पिता मी पहिल्यांदाच जिना चढलो.

काय चुकलं? तिला लंडनचे हवे होते का?

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

दोन शुक्रवार खजूर नाही. खाली दिसली तर सलामाला मान हलवते, एवढंच. पूर्वा खाली जाते, तासभर बसते, आणि वर येऊन माझ्याकडे बघून उसासा टाकते. विचारलं तर म्हणते, "अजून मलाच नीट समजलं नाहीये."

त्यात आज रविकांतचा फोन. "लहूभाऊ, जरा गडबड आहे. मुंबईचं काम लंडनच्या अवजारांवर झालं होतं असं दिसतंय. तुमच्या पाचांपैकी चार लंडनचेही असू शकतात. आठ नंबर मात्र मला मुंबईचाच वाटतो. म्हणजे, वाटतो."

"असू शकतात म्हणजे आहेत की नाहीत?"

"भाऊ, यावर मोठमोठे लोक भांडतात."

मी बाबांना काय सांगू आता? पाचाचा एक झाला, आणि तोही नुसता वाटतो. कारखान्यात असा रिपोर्ट दिला असता तर मॅनेजरने तो माझ्याच डोक्यावर आपटला असता.

शनिवार, ६ फेब्रुवारी

पूर्वाने आज दुपारी पोळ्या थांबवल्या, गॅस बंद केला आणि मला समोर बसवलं.

"अहो, तुम्ही त्या माउलीला काय सांगून आलात, कळतंय का तुम्हाला?"

तिला आता सगळं समजलंय. मजीदचे वडील तरुणपणी खजुराच्या गलबतावर मुंबईला जायचे. गावात बोलणं होतं की तिकडे त्यांची एक बायको आहे. उम्म मजीदचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या घरचे कचरत होते. तर सासूने निरोप धाडला, मी माझ्या गळ्यातला हार काढून देते, पोर माझी म्हणून येईल. त्या शब्दावर लग्न झालं.

"मग चांगलंच की," मी म्हटलं.

"ऐका पुढे. सासूच्या हारातल्या बाया खाली डोकं वर पाय अशा होत्या. अख्ख्या गावाला माहीत. आणि लग्नात हिच्या गळ्यात पडला त्या हारातल्या बाया सरळ. झालं! बायका म्हणाल्या, हा सासूचा हार नव्हेच. ही मुंबईची चांदी, त्या दुसरीच्या अंगावरची. सासू खोटं बोलली. पन्नास वर्षं झाली, अहो. सासूला विचारायचं धाडस झालं नाही, नवऱ्यालाही नाही. दोघंही आता नाहीत. आता नातीला घालायचा तर मनातली शंका फिटू दे, म्हणून तुम्हाला विचारलं. तुम्ही भिंग घेऊन गेलात आणि हसत हसत म्हणालात, पाच मुंबईचे, उलटा एकही नाही."

"पण डॉलर कुठे पाडला आणि तो कुणाकडून आला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत! मुंबईत पाडलेले डॉलर सगळीकडे..."

"हे मला नका सांगू."

 तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलंच नव्हतं. मी माझ्या प्रश्नाचं उत्तर तिला दिलं होतं.

रविवार, ७ फेब्रुवारी

कामावरून आलो तो सरळ अंगणात. म्हटलं, "उम्म मजीद, मेरा गलती. बंबई पक्का नहीं है. किताब वाला बोला, शायद लंडन."

तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "उस दिन तुम बहुत हँसता था, लहू. झूठ बोलने वाला ऐसा नहीं हँसता. आज तुम नहीं हँसता."

 तिने काहवा दिला, तो पिऊन मी वर आलो.

बुधवार, १० फेब्रुवारी

आज जे झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मलाच पटायचं नाही.

सकाळी निघताना मजीद गेटपाशी भेटला. म्हणाला, आईने हारातले पाच डॉलर कापून काढले आणि काल संध्याकाळी बाजारात जैनुद्दीनकडे गाळायला दिले. त्या चांदीचा सदका करणार, गोरगरिबांना देऊन टाकणार. "बुड्ढी लोग का दिमाग," तो हसला. त्याला कसलीच कल्पना नाही. मी गाडीत बसलो आणि कारखान्याकडे निघालो. करणार तरी काय? माझ्याकडे सांगण्यासारखं खरं काही नव्हतं.

कारखान्यात गिऱ्हाइकाची तक्रार येऊन पडली होती. रंगवलेल्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना खुणा. सगळे म्हणाले डाय खराब, लहूला बोलवा. मी बघितलं आणि म्हटलं, ही डायची खूण नव्हे, पकडीची आहे. पट्टा रंगाच्या टाकीत सोडताना एका टोकाला पकड लावून टांगतात, तिथे डाग राहतो. एका टोकाला डाग असेल तर एकदा टांगलेला. दोन्ही टोकांना असेल तर रंग बिघडला म्हणून उलटा करून परत टांगलेला. "दो बार लटकाया है," मी सुपरवायझरला सांगितलं.

आणि हे बोलता बोलता मला हार आठवला.

हे रजिस्टर माझ्या बॅगेतच असतं. आठ जानेवारीचं पान काढलं. बाराही डॉलरांच्या खालच्या कडेला, कडीच्या बरोबर समोर, एकेक खरबरीत चट्टा. तक्त्यात घेतला नाही. बारा वेगवेगळी नाणी, चट्टा मात्र एकाच जागी, आणि मी लिहितो घासत असणार! अठरा वर्षं क्वालिटीत काढलेला माणूस!

अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि खाबुऱ्याच्या बाजारात जैनुद्दीनच्या दुकानासमोर गाडी वाकडीतिकडी लावली. जैनुद्दीन आमच्या कोकणातला, श्रीवर्धनचा, तीस वर्षं इथे चांदीचं काम करतो.

"ते पाच डॉलर!"

"दोन गेले मुशीत. तीन हायत. काय झालं रे? वाघ लागल्यासारखा का पळतोस?"

मी उरलेले तीन हिसकावूनच घेतले. सहा, नऊ, अकरा. आठ नंबर गेला होता.

मी खालच्या कडेवर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

त्याने भिंगही घेतलं नाही, नख फिरवलं. "डाकाचा डाग. इथं आधी कडी व्हती. काढून वरच्या बाजूला नवी लावलीय. जुनी कडी झिजून पातळ होते, नव्या नवरीला कोण देणार तशी? आणि आधीची कडी पण लय वरसं गळ्यात वागवलेली. बघ, डागाच्या आजूबाजूची कड कशी झिजलीय, म्हणून नवी समोरच्या बाजूला."

"म्हणजे आधी बाई उलटी टांगलेली होती."

"उलटीच की."

घरी पोचलो तेव्हा उम्म मजीद बदामाखाली होती. तिला काही समजावलं नाही. या वेळी तळहात फिरवले नाहीत. उरलेला हार मागून घेतला, त्यातला एक डॉलर तिच्या हातात दिला आणि तिचा अंगठा धरून त्या चट्ट्यावर ठेवला. "इधर पहले कड़ी था. जैनुद्दीन बोला. सब में है. गिनो."

तिने एकेक डॉलर चाचपला. हारातले सात, माझ्या हातातले तीन. दहाव्यावर ती थांबली. मग तिने तो डॉलर चट्टा वर येईल असा फिरवला. बाईचं डोकं खाली गेलं.

"उल्टा," ती म्हणाली.

तिने तो तसाच स्वतःच्या छातीवर धरला आणि मान वाकवून खाली पाहिलं. वरून बघणाऱ्याला, म्हणजे जिच्या गळ्यात आहे तिला, बाई सरळ दिसते. हे माझ्या कधीच लक्षात आलं नव्हतं.

"मैं छोटा था, हँसता था उसको," ती सासूबद्दल सांगत होती. "बोला, तेरा औरत गिर गया. वो बोला, गिरा नहीं, मेरे को देखता है. लोग को क्यों देखेगा?" आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला, आणि ती रडायला लागली. पूर्वा जिन्यावरून पळत खाली आली. मी बाजूला उभा राहून रडलो.

मग मी बंबईचंही सांगितलं, कारण खोटं बोलणं मला जमत नाही. सासूचं लग्न कधी झालं, विचारलं. म्हणाली, मोठ्या लढाईत, जेव्हा तांदूळ मिळत नव्हता. म्हणजे मुंबईचे डॉलर असतील तर ते मजीदच्या वडिलांच्या जन्माआधीच खाबुऱ्यात आले होते, सासूच्याच गळ्यात. तिने मान डोलावली. ती कथा आता तिला फार महत्त्वाची वाटत नव्हती.

"दो कम है," तिने मात्र बरोबर मोजलं होतं.

मी मान खाली घातली. "मेरे कारण."

तिने दहा डॉलर पुन्हा मोजले. नाही म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

बाबांना फोनवर सांगितलं की आठ नंबर वितळला. ते म्हणाले, "फोटो आहे ना?" आहे. "मग तो मोठा करून आण. तात्यांच्या फोटोशेजारी लावू." मी सांगितलं की तो मुंबईचा असल्याचं फक्त वाटतं, पक्कं नाही. बाबा म्हणाले, "तात्यांचं तर सगळं पक्कं होतं. काय केलं आपण?"

शनिवार, २७ फेब्रुवारी

मस्कतच्या मत्रा बाजारात जाऊन दोन डॉलर घेऊन आलो. तीच बाई, तेच साल, पिसं आठ नंबरच्या जवळपास. फार शोधले. उम्म मजीदसमोर ठेवले.

तिने उलटसुलट करून पाहिले, मोती मोजले. "अच्छा है," म्हणाली. "किसका गले का?"

मला माहीत नव्हतं.

तिने ते परत माझ्या हातात दिले. वितळलेल्या दोघांचा गोळाही तिने ठेवून घेतला नाही. सदक्याची नियत केली होती, ती मोडता येत नाही, म्हणून ठरल्याप्रमाणे देऊन टाकला. हार दहाचाच ओवायचा, असं तिने जैनुद्दीनला सांगितलंय. दोन जागा रिकाम्या ठेवायच्या, मणी सरकवून झाकायच्या नाहीत. आणि कड्या काढून परत जुन्या जागी डाकायच्या. जैनुद्दीन म्हणाला, नवरीच्या गळ्यात बाया उलट्या दिसतील, लोक हसतील. ती म्हणाली, हसू दे.

शुक्रवार, १८ मार्च

लग्न झालं. बायकांचा मांडव वेगळा, पुरुषांचा वेगळा, त्यामुळे हार मी पाहिला नाही. पूर्वा आत होती. ती सांगते, नवरी सारखी मान खाली घालून गळ्याकडे बघत होती आणि बायकांना वाटलं, पोर लाजतेय.

येणारी प्रत्येक बाई त्या दोन रिकाम्या जागांवर बोट ठेवायची आणि उम्म मजीद प्रत्येकीला एकच उत्तर द्यायची, "ते दोन आमच्या वरच्या मजल्यावरच्या हिंदीने खाल्ले." हिंदी म्हणजे इथे भारतीय, म्हणजे मी. सगळ्या हसायच्या. पूर्वाही हसली म्हणे. मी विचारलं, ती रागाने म्हणत होती का? पूर्वाला ते सांगता आलं नाही. मलाही अजून कळलेलं नाही.

ती गोष्ट जेवणाआधीच पुरुषांच्या मांडवात पोचली होती. मी मजीदच्या चुलत्यांशेजारी बसलो होतो. काठी घेऊन चालणारा एक वृद्ध, ज्याला मी ओळखतही नाही, सगळ्या पंगतीतून वाट काढत माझ्यापर्यंत आला. त्याने माझ्या हातावर हलव्याचा मोठा गोळा ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ये खाओ, हिंदी. चांदी मत खाओ."

सगळा मांडव हसला. मीही हसायचा प्रयत्न केला आणि गोळा तोंडात घातला. घास मोठा होता, तूप ओठांवरून हनुवटीवर आलं, आणि तो म्हातारा मी पूर्ण खाईपर्यंत समोरच उभा होता.